‘अजून काही करता येईल का?’

दारातच सिस्टरने एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत मामांचा चष्मा, वरची कवळी, घड्याळ, कानातलं मशीन आणि कात्रीने कापलेला करगोटा. ‘नग मोजून घ्या, इथे सही करा,’ एवढं बोलून ती वळली आणि तिच्यामागे दार आपोआप लागलं. पुढचे अकरा दिवस ती पिशवी माझ्या बॅगेत पडून होती. तिच्यातल्या कशाची आतल्या माणसाला गरज असेल, असं एकदाही मनात आलं नाही. गुंगीत पडलेल्या माणसाला चष्मा कशाला?

गाव जिल्ह्याचं, रुग्णालय खाजगी. आयसीयूबाहेरच्या बाकांवर आठ-दहा कुटुंबांचा संसार मांडलेला. चटया, बिसलेरीच्या बाटल्या, डबे, आणि मोबाइल चार्ज करायला भिंतीत एकच प्लग, त्यासाठी नंबर लावलेले. मधूनच स्पीकर खरखरायचा, ‘बेड नंबर सातचे नातेवाईक...’ आणि आपला नंबर सात नाही हे माहीत असूनही सगळे अर्धवट उठायचे. डॉक्टर दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं बोलायचे. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, ऑक्सिजन टिकत नाही, नळी घातलीय, व्हेंटिलेटरवर आहेत. मामी सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी एकच विचारायच्या, ‘अजून काही करता येईल का, डॉक्टर?’

तो प्रश्न त्या बाकावरचा प्रत्येक जण विचारत होता. अजून एखादं इंजेक्शन, अजून एक सीटी स्कॅन, पुण्याहून मोठे डॉक्टर, ‘सगळ्यात हाय अँटिबायोटिक’. मामा घरी आल्यावर मी या विषयावरचं मिळेल ते वाचायला लागलो, ओळखीच्या डॉक्टरांना, सिस्टरना छळलं. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली आणि ती पचायला मला बराच वेळ लागला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अतिदक्षतेच्या शास्त्राने जी मोठी मजल मारली, ती बहुतेक ठिकाणी काहीतरी कमी करून मारली आहे.

या खोलीचा जन्मच मुळी टंचाईतला. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम हे तिथलं साथरोगांचं रुग्णालय. गिळता येत नाही, श्वास घेता येत नाही असे रुग्ण तिथे रोज येऊ लागले आणि सुरुवातीच्या ३१ जणांपैकी २७ दगावले. लोखंडी फुप्फुसाची पेटी आख्ख्या रुग्णालयात एक, शिवाय छातीवर बांधायची सहा लहान यंत्रं. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावलं गेलं. रक्ताच्या तपासणीतले आकडे बाकीचे ज्या अर्थाने वाचत होते तो अर्थच चुकीचा आहे, हे त्याने ओळखलं. रुग्णाचा श्वास अपुरा पडतोय, म्हणून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय. २७ ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली गेली, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ करतात तसा रबरी पिशवी दाबून तिला हाताने श्वास दिला गेला. मुलगी वाचली. मग जवळपास दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि महिनोन्‌महिने पिशव्या दाबत राहिले. एकेका वेळी सत्तर रुग्णांचा श्वास असा हातांवर चाललेला. नव्वद टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरलं. पुढच्याच वर्षी इब्सेनने कोपनहेगनच्या नगरपालिका रुग्णालयात असे रुग्ण एकत्र ठेवण्याचा कायमचा विभाग काढला. जगातलं पहिलं आयसीयू म्हणून त्याचंच नाव घेतात.

आपल्याकडे हे काम मुंबईत रुजलं ते धनुर्वाताच्या निमित्ताने. जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर केलेलं काम जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. अतिदक्षता करणाऱ्या डॉक्टरांची देशव्यापी संघटनाही १९९३ साली मुंबईतच स्थापन झाली. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही.

पिशवीची जागा यंत्राने घेतली आणि यंत्राला दम लागत नाही, तिथेच गोम होती. सुजलेल्या, पाण्याने भरलेल्या फुप्फुसात भरपूर हवा ढकलली तर रक्तातले आकडे छान दिसतात. म्हणून डॉक्टर भरपूर ढकलत. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० साली हा समज मोडला. रुग्णाच्या उंचीवरून त्याचं जे वजन असायला हवं, त्यामागे दर किलोला १२ मिलिलिटर हवा एका गटाला, ६ मिलिलिटर दुसऱ्याला. ८६१ रुग्ण झाल्यावर अभ्यास मध्येच थांबवावा लागला. पहिल्या गटात ३९.८ टक्के दगावले होते, दुसऱ्यात ३१ टक्के. जास्त हवेने फुप्फुसाचे उरलेसुरले चांगले फुगेही ताणून फाटत होते. त्याआधीची कितीतरी वर्षं आपण माणसं वाचवता वाचवता त्यांची फुप्फुसं फाडत होतो, असाच याचा अर्थ.

‘उंचीवरून’ हा शब्द पुन्हा वाचा. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं वाढत नाहीत, ती उंचीच्या प्रमाणातच राहतात. पाच फूट उंचीच्या बाईचं हिशेबाचं वजन भरतं साडेपंचेचाळीस किलो. तिला एका श्वासाला २७३ मिलिलिटर हवा पुरे, दुधाच्या पाव लिटरच्या पिशवीपेक्षा थोडी जास्त. तीच बाई काट्यावर सत्तर किलो भरली आणि कुणी त्या वजनावर गणित केलं, तर आकडा ४२० वर जातो. बुटक्या, स्थूल बायका, म्हणजे आपल्या घराघरातल्या आया आणि माम्या, या चुकीच्या सगळ्यात सोप्या बळी. चूक टाळायला लागतो तो शिंप्याकडचा टेप. मामांच्या फाइलची झेरॉक्स मी नंतर काढली, त्यात उंचीचा रकाना कोरा होता. वजनापुढे लिहिलं होतं, ‘अंदाजे ८०’.

पुढे फ्रान्समधल्या अभ्यासाने २०१३ साली दाखवलं, की फुप्फुसं फार बिघडलेल्या रुग्णाला दिवसातले सोळाएक तास पालथं ठेवलं, तर महिन्याभरातले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतात. त्यालाही नवं यंत्र नको, चार-पाच माणसं हवीत. नळ्या सांभाळत, एका दमात, मोजून उलटं करायला. कोविडमध्ये ‘पालथे झोपा’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलं.

रक्ताचंही तसंच. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की बाटली लावायची, ही रीत होती. कॅनडातल्या अभ्यासाने १९९९ मध्ये सांगितलं की बहुतेकांना सातपर्यंत थांबलं तरी चालतं, काहींचं तर भलंच होतं. साखरेची कथा याहून बोधप्रद आहे. २००१ साली बेल्जियममधून बातमी आली, रक्तातली साखर अगदी काटेकोर ठेवली तर माणसं वाचतात. जगभर इन्सुलिनचे पंप सुरू झाले. २००९ मध्ये सहा हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला आणि निघालं भलतंच. काटेकोर साखर ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक होते.

आणि रेमडेसिव्हिर. एप्रिल २०२१ मध्ये पुण्या-नागपुरात त्या कुपीसाठी लोक रात्रभर रांगेत उभे होते, काळ्या बाजारात दागिने विकून पैसे मोजत होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा जीव त्या औषधाने वाचतो याचा पुरावा तेव्हाही नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच ते वापरू नये अशी शिफारस केली होती. ज्या औषधाचा पुरावा होता ते होतं डेक्सामेथासोन, कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळणारं. इंग्लंडमधल्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू त्याने ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणले होते. त्याच्यासाठी कुणी रांग लावली नाही. स्वस्त औषधाने आपला माणूस बरा होईल, यावर आपला विश्वासच बसत नाही.

तसा विश्वास बसावा अशी गोष्ट खरं तर आपल्या कोकणातच घडली आहे. लाल विंचू चावला की धडधाकट माणसाच्या फुप्फुसात काही तासांत पाणी भरायचं आणि तो जायचा. महाडला काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर या रुग्णांच्या उशाशी बसून रात्र रात्र नोंदी करत. विषाने शरीरातल्या चेतातंतूंचा भडका उडतो आणि हृदयावर भार येतो, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी लिहिलेला लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. विंचूदंशाचे मृत्यू त्यानंतर झपाट्याने उतरले. तालुक्याच्या गावात, व्हेंटिलेटरशिवाय. अतिदक्षता म्हणजे काचेची खोली, असं समजणाऱ्यांनी महाड लक्षात ठेवावं.

आता मामांकडे येतो. मामांची सगळी नोकरी एसटीच्या आगारात, हिशेबाच्या टेबलावर गेली. चौथ्या दिवशी गुंगीचं औषध थोडं उतरवलं तेव्हा मला आत सोडलं. दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीने पलंगाच्या दांड्याला बांधलेली. ‘नळी ओढतात हो,’ सिस्टर म्हणाली, आणि तिच्या आवाजात ओशाळलेपण होतं. डोळे उघडे होते, पण माझ्यावर ठरत नव्हते. मॉनिटर टिंग करायचा की मामांचे पाय हलायचे. त्याचा अर्थ मला सहा महिन्यांनी कळला. एका संध्याकाळी चहा पिताना ते आपणहून बोलले. अकरा दिवस ते एसटीत होते. काळोख, खिडक्या बंद, गाडी कुठेच थांबत नाही. कंडक्टर नुसती डबल बेल देतो, सिंगल बेल देतच नाही. कुणीतरी त्यांना सीटला बांधलंय, घशात काहीतरी कोंबलंय. ‘मी ओरडत होतो रे, स्वारगेट गेलं, मला उतरवा. कुणी ऐकेना.’ सहा महिने हे त्यांनी मामींनाही सांगितलं नव्हतं. लोक वेडा म्हणतील म्हणून.

आमची आजी याला ‘वात झालाय’ म्हणाली असती. तापाच्या भरात माणूस बरळतो तो वात. आयसीयूमधला वात किती सार्वत्रिक आणि किती महागात पडणारा असतो, हे २०१३ साली अमेरिकेतल्या ८२१ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं. चारातल्या जवळजवळ तिघांना रुग्णालयात असताना कधी ना कधी वात झाला होता. घरी गेल्यावर तीन महिन्यांनी तपासलं तर ४० टक्के रुग्णांची बुद्धी डोक्याला मध्यम स्वरूपाची इजा झालेल्या माणसाइतकी मंदावलेली, २६ टक्क्यांची अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णाइतकी. आणि यात तरुणही होते. वात जितका लांबला, तितकी नंतरची घसरण मोठी. बरळणारा रुग्ण तरी नजरेत येतो. वाताचे कितीतरी रुग्ण निपचित पडून असतात, आणि बाहेर आपण म्हणतो, ‘आज शांत आहेत.’

मामा घरी आले तेव्हा जिना चढता येत नव्हता, ते हळूहळू जमलं. पण सोसायटीच्या बारा फ्लॅटचा मेंटेनन्सचा हिशेब, जो ते वीस वर्षं लिहीत होते, तो लागेना. एकाच रकान्याची बेरीज चार वेळा केली आणि चारही वेळा वेगळी आली. वही मिटून त्यांनी शेजाऱ्याकडे दिली. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती स्थिर’ असं लिहिलेलं होतं. आयसीयूतून बाहेर पडल्यानंतर राहणाऱ्या या अशक्तपणाला, विसराळूपणाला, भीतीला डॉक्टरांनी २०१२ च्या सुमारास रीतसर नाव दिलं. आपल्याकडे मात्र हृदयाच्या झडपेचा फॉलोअप असतो, तसा आयसीयूचा फॉलोअप बहुतेक गावांत कुणी घेत नाही.

वातावर औषध शोधून झालं. हॅलोपेरिडॉल हे जुनं औषध वर्षानुवर्षं दिलं जात होतं, २०१८ च्या मोठ्या चाचणीत त्याने वाताचे दिवस कमी होत नाहीत असं दिसलं. त्यापेक्षा आशा आहे ती गुंगी कमी करण्यात. शिकागोच्या डॉक्टरांनी २००० साली एक साधा प्रयोग केला. गुंगीचं औषध रोज सकाळी बंद करायचं, रुग्ण जागा होईपर्यंत वाट बघायची, गरज असेल तरच पुन्हा सुरू. व्हेंटिलेटरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. म्हणजे यंत्र, औषध, खाट, सगळ्याचीच बचत. मग हे सगळीकडे का होत नाही? कारण जागा रुग्ण काम वाढवतो. तो नळी ओढतो, खोकतो, खुणा करतो, घाबरतो. त्याच्याजवळ सतत कुणीतरी लागतं. गुंगीतला रुग्ण सांभाळायला सोपा.

इथे सगळ्या वाटा एकाच चौकात येतात. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका, हा मान्य निकष. मामांच्या आयसीयूत रात्री एका सिस्टरकडे तीन रुग्ण असायचे. रात्रपाळीचा डॉक्टर बहुतेक छोट्या गावांत असतो तसाच, बीएचएमएस होऊन आरएमओ म्हणून लागलेला, मेहनती आणि झोपेला आलेला पोरगा. २०२० मधल्या एका अंदाजाप्रमाणे देशात आयसीयूच्या सुमारे ९५ हजार खाटा आणि ४८ हजार व्हेंटिलेटर होते. कोविडमध्ये यंत्रं धडाधड आली. कित्येक ठिकाणी ती खोक्यातच पडून राहिली, कारण चालवणारे हात आले नाहीत. यंत्राच्या खरेदीचा फोटो छापून येतो. सिस्टरची भरती झाली तर कोण फीत कापणार?

हातांचं मोल सांगायला एकच दाखला देतो. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, मेंदूला झालेल्या इजेमुळे खाटेवर होत्या. त्यांच्या अंगावर एकही बेडसोर झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली. केईएमच्या सिस्टरांच्या पिढ्या बदलल्या, कूस बदलणं चुकलं नाही.

जंतुसंसर्गाचा प्रश्नही हातांपाशीच येतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी शिरेत नळी घालताना पाच साध्या गोष्टींची यादी पाळली. हात धुणं, रुग्णावर पूर्ण चादर, योग्य जंतुनाशक, जांघेतली शीर टाळणं आणि नको असलेली नळी काढून टाकणं. डॉक्टर चुकला तर त्याला थांबवायचा अधिकार सिस्टरला होता. शिरेतल्या नळीमुळे रक्तात जाणारे जंतुसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटले. आपल्याकडे सिस्टरने सर्जनला ‘हात धुवा’ म्हणायचं? मी विचारलेल्या प्रत्येक सिस्टरने आधी हसून घेतलं. मग उरतं ते ‘हाय अँटिबायोटिक’. त्याला पुरून उरणारे जंतू आपल्या आयसीयूंमध्ये केव्हाच मुक्कामाला आले आहेत.

शिवाय भिंतींचीच खात्री नसावी, हे कुठलं दुर्दैव! २०२१ या एका वर्षात भंडाऱ्याला नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली, नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, विरार आणि अहमदनगरला अतिदक्षता विभाग पेटले. प्राणवायूने भरलेली बंद खोली, रात्रंदिवस चालणारे एसी, त्याच जुन्या वायरिंगवर चढवलेली नवी यंत्रं. यातला धोका कळायला कुठल्याही चाचणीची गरज नव्हती.

‘कमी’कडे जाणारी ही वाट सरळही नव्हती. रुग्णाला खाटेवरून लवकर उठवा, चालवा, असं सांगणारे अभ्यास आले. पण २०२२ मध्ये मोठ्या चाचणीत नेहमीपेक्षा जास्त व्यायाम देऊन फायदा दिसला नाही, उलट त्रास वाढले. ‘सी’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसांनी सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेला जंतुदोष, बरा होतो, ही हवा काही वर्षं होती. तीही २०२२ मध्ये उतरली, ते घेणाऱ्यांचं जास्त बिघडलं. मनाला पटणं आणि खरं असणं यातला फरक कळायला हजारो रुग्ण आणि कित्येक वर्षं जातात. भारतीय रुग्णांची अशी मोजदाद आता कुठे होऊ लागली आहे. टाटा रुग्णालयाचे डॉ. जिगीषू दिवातिया आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या शंभरावर आयसीयूंतून चार हजारांवर रुग्णांची माहिती गोळा केली. डेंग्यू, लेप्टो, सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा हे आपले आजार. त्यांच्यावरची उत्तरं कोपनहेगनहून येणार नाहीत.

सहाव्या दिवशी आमच्या शेजारच्या बाकावरचं कुटुंब उठलं. पैसे संपले होते. ‘डामा’ घेतला, म्हणजे आमच्या जबाबदारीवर नेतो असं लिहून दिलं. व्हेंटिलेटर काढला, गळ्याच्या नळीला रबरी पिशवी जोडली आणि रुग्णवाहिकेतल्या पोराने ती कशी दाबायची हे मुलाला शिकवलं. गाव साठ किलोमीटर. मुलगा पिशवी दाबत बसला आणि मागचं दार लागलं.

असं निघून जाणं आणि सन्मानाने थांबणं यात अंतर आहे, ते कायद्याने आता मानलंय. अरुणा शानभाग यांच्या दयामरणाच्या प्रकरणात २०११ साली सुरू झालेली वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रुंद केली आणि २०२३ मध्ये चालण्याजोगी केली. बरं होण्याची आशा नसेल तेव्हा मला यंत्रांवर ठेवू नका, असं शुद्धीत असताना दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करता येतं. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र करून सुरुवात केली. महाराष्ट्रात मुंबईचे डॉ. निखिल दातार न्यायालयात गेल्यावर ही कागदपत्रं सांभाळणारे अधिकारी पालिकांमधून नेमले गेले. मामांनी आपलं इच्छापत्र गेल्या वर्षी केलं. त्यात एक ओळ त्यांनी स्वतःच्या अक्षरात घातली आहे: हात बांधू नयेत.

आणि एक विनंती. उद्या तुमच्यावर त्या दारात उभं राहायची वेळ आली आणि सिस्टरने ती पिशवी पुढे केली, तर घड्याळ घ्या, करगोटा घ्या. चष्मा आणि कानातलं मशीन परत द्या, नाव लिहून, आणि गुंगी उतरली की आठवणीने घाला म्हणून सांगा. आपल्या माणसाला निदान दिसू द्या, की तो एसटीत नाही.